दहा हात पलीकडे

वखारीतली धूळ सातव्या बाईच्या केसांत अजून होती.
मी वाकलो, आणि शिंक आली.
प्रेतापाशी शिंकलो म्हणून कमते हवालदार काही बोलले नाहीत,
उसावरून एकदा नजर फिरवली त्यांनी
आणि हळूच विचारलं,
साहेब, दगड कुठं आला म्हणायचा?

दगड म्हणजे हद्दीचा.
अलीकडं निपाणी, पलीकडं कागल,
मधे ओढा. ओढ्याला पाणी नाही.
उसाचं पातं दोन्हीकडं सारखंच चिरतं.

माझी आई मराठीत रडते,
मी ठाण्यात कन्नडात लिहितो.
तंबाखूच्या बायका दारात उभ्या राहून सांगतात,
"डबा बघा की तिचा, उघडलेला पण न्हाई.
पोरीला चपाती ठेवलीवती त्यातली एक."
मी लिहितो: मृत महिला, वय अंदाजे चाळीस.
डब्याला रकाना नाही.
कन्नडात हेण म्हणजे प्रेत, हेण्णु म्हणजे बाई.
भरतीच्या परीक्षेत नेमके इथंच माझे मार्क गेले होते.

बेळगावहून मोठे साहेब आले,
भिंतीवर नकाशा, नकाशात सात टाचण्या,
सातही त्या एका रेषेला चिकटून,
मुंग्या गुळाच्या ढेपेला लागाव्यात तशा.
साहेब म्हणाले, हा माणूस कायदा जाणतो.
मारतो इकडे, टाकतो तिकडे,
कागद फिरत राहतात, तो मोकळा.
एखादा बडतर्फ पोलीस शोधा. वकिलाचा कारकून शोधा.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
मीही.

मला तिसरीपासूनच कळलं होतं
हे तो कुठं शिकला.

नोकरीचा अकरावा दिवस.
पहाटे, याच ओढ्यात, पहिली.
अंगावर जखम दिसत नव्हती, पायात एकच जोडवं.
कमते म्हणाले, नवीन आहेस, शिकून घे,
दहा हात सरकवली की ती कागलची.
पंचनामा त्यांचा, झोप आपली.
त्यांनी खांदे धरले.
मी पाय.
किती हलकी होती, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
घरी जाऊन दोनदा साबण लावला
आणि आईनं वाढलेला भात मुकाट्यानं खाल्ला.

पुढं नाव लागलं तिचं, सत्यव्वा.
कागलच्या वहीत ती अजून अनोळखीच आहे.

पकडला तेव्हा तो पळाला नाही.
वखारीत काटा धरणारा माणूस,
दिवसभर बायकांची बोचकी तोलायचा,
बोट टेकवून किलोमागे थोडं मारायचा,
बस, एवढाच बदलौकिक.
हातात बेडी पडली तरी म्हणाला,
हे एवढं वजन लिहून घेतो, थांबा.

जबाब मी घ्यायचा, कारण तो मराठी, मी मराठी.
लिहायचा कन्नडात, कारण कोर्ट.
पंखा बंद होता. कमते दाराशी चहा घेऊन उभे.
तो माझ्याकडं बघत राहिला,
ओळखीचं गिऱ्हाईक आलं की बघतात तसा.

"पहिलीच्या येळंला भ्यालोवतो मी.
उसातच बसलोवतो, आता धरत्यात म्हणून.
तर तू तिचं पाय धरलास.
मधेच तुझा बूट चिखलात रुतला,
तू तिला टाकलास आणि आदी बूट काढलास.
तवा मला कळलं,
ह्या बायका कुणाच्याच न्हाईत."

कमतेंच्या हातातल्या बशीचा आवाज झाला.

आता वाक्य लिहायचं आहे.
कन्नडात ओढलं याला एळेदरु म्हणतात.
शेवटी रु लावला की अनेक जण होतात,
किंवा एकच कुणी, आदराचा,
किंवा कोण ते कळतच नाही.
तो मात्र तू म्हणाला आहे.
तू ला कन्नडात नीनु, त्यात लपायला जागा नाही.

मी एळे पर्यंत लिहिलं आहे.
बाहेर वखारीचा भोंगा झाला,
पाळी सुटली, बायका शिंकत निघाल्या,
दोघी-दोघी, तिघी-तिघी,
एकटी कुणीच नाही.
कमते म्हणतात, साहेब, चहा गार व्हायलाय.
माझा बूट टेबलाखाली
दुसऱ्या बुटावर चढून बसला आहे.